लॅपटॉप स्वतः उघडला, परत बंद केला आणि आता चालूच होत नाही

रॅम वाढवली, एसएसडी टाकली, पंखा साफ केला किंवा कीबोर्ड बदलला. सगळे स्क्रू जागेवर गेले, बटण दाबलं आणि काहीच नाही. किंवा दिवा लागतो पण स्क्रीन काळीच. किंवा बाकी सगळं झकास, फक्त टचपॅड मेलेला. अशा वेळी मनात पहिलं येतं ते 'मदरबोर्ड गेला'. बहुतेक वेळा तसं नसतं. उघडण्याआधी लॅपटॉप चालत होता, म्हणजे बिघाड अख्ख्या लॅपटॉपमध्ये शोधायचा नाही, तुमचा हात जिथे जिथे लागला तिथेच शोधायचा. अर्धवट बसलेली रॅम, लॉक न झालेली रिबन (कागदासारखी चपटी केबल), जोडायचा राहिलेला बॅटरीचा कनेक्टर: दुरुस्तीनंतरच्या तक्रारींमागे मुख्यतः हीच मंडळी असतात. म्हणून ऑनलाइन नवे पार्ट मागवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घ्या.

सुरुवात मात्र कागदावर करा. कालपासून काय काय केलं ते क्रमाने लिहून काढा. 'काय बदललं' एवढंच लिहू नका, 'काय काढलं' तेही लिहा. पंखा साफ करायला बसलेल्या माणसाने वाटेत बॅटरी सोडवलेली असते, वाय-फायच्या तारा बाजूला केलेल्या असतात, एखादी केबल ओढून मोकळी केलेली असते. विचारलं तर तो एवढंच सांगतो, 'मी फक्त पंखा साफ केला.' तुमची यादी तपासायची ती शेवटच्या कामापासून उलट्या क्रमाने.

जोडीला तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. डेल, एचपी आणि लेनोवो ही मॅन्युअल आपापल्या सपोर्टच्या साइटवर फुकट देतात. कुठला स्क्रू किती लांबीचा, कुठली केबल कुठून कुठे जाते, सगळं त्यात चित्रासकट असतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ 'जवळपास तुमच्याच' मॉडेलचा असतो आणि घोळ त्या 'जवळपास'मध्येच होतो.

पुन्हा उघडण्याआधी

जळका वास आला, एखादी जागा हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला दिसला, तर चार्जर काढा आणि तिथेच थांबा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही आणि 'दोन दिवस चालवून बघू' असंही म्हणायचं नाही.

असं काही नसेल तर आधी चार्जर जोडा आणि पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. अनेक लॅपटॉप बॅटरी एकदा सोडवली की चार्जर लागल्याशिवाय जागेच होत नाहीत. नवी बॅटरीही कधी कधी कारखान्यातून झोपलेल्या अवस्थेत येते आणि चार्जरचा करंट मिळाला की उठते. लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये आतली बॅटरी बायोसमधूनच (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनच्या मूळ सेटिंग्जचा मेनू) बंद करायची सोय आहे. तुम्ही ती वापरली असेल, तर चार्जर जोडेपर्यंत लॅपटॉप ढिम्म राहणं हे त्याचं नीट वागणं आहे.

दुसरी गोष्ट धीराची. रॅम बदलल्यावर किंवा बोर्डावरची छोटी गोल बॅटरी (बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२) काढून लावल्यावर पहिल्यांदा चालू होताना मशीन रॅमची नव्याने ओळख करून घेतं. डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर यात काही मिनिटं जाऊ शकतात. तोवर स्क्रीन काळी, पंखा फिरतोय, मधेच एखाद-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. घाबरून बटण दाबून ठेवलं की ती ओळख पहिल्यापासून सुरू होते. घड्याळ लावून पाच मिनिटं हात लावू नका.

तरीही हालचाल नसेल तर चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज त्याने निघून जातो. आता बॅटरी न जोडता फक्त चार्जरवर चालू करून बघा. बऱ्याच मॉडेलांत हे चालतं आणि गाडं बॅटरीपाशी अडलंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

यापुढे एक नियम पाळा. कुठलाही कनेक्टर काढताना किंवा लावताना चार्जर बाहेर आणि बॅटरी सुटलेली हवी. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेल तर बोर्डावर वीज असतेच. डिस्प्लेची केबल तशाच अवस्थेत तिरकी लावली, तर बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाचा, फ्यूज उडू शकतो. मग पाच मिनिटांचं काम चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलणाऱ्या कारागिराकडे, जातं.

काहीच होत नाही की काहीतरी होतं?

एकही दिवा नाही, पंख्याची हालचाल नाही, चार्जरचा दिवाही लागत नाही, तर प्रश्न वीज आत येण्याचा आहे. चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा, मग चार्जिंग जॅकची तार बोर्डावर नीट बसली आहे का ते पाहा. पॉवरचं बटण बऱ्याचदा वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं किंवा कीबोर्डमध्येच असतं, आणि त्याची रिबन सुटलेली असली की लॅपटॉप पूर्ण मेल्यासारखा वाटतो. कीबोर्ड बदलल्यावर 'चालूच होत नाही' ही तक्रार आली तर माझा पहिला संशय या रिबनवर असतो.

चार्जर लावल्याबरोबर त्याचाच दिवा विझत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. हरवलेला स्क्रू बोर्डाखाली गेला असेल, किंवा एखादी तार स्क्रूच्या खांबाखाली चेमटली असेल. लॅपटॉप उलटा धरून हळूच हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर उत्तर सापडलंच.

दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी, असं असेल तर मशीन स्वतःच काही सांगतंय का ते बघा. डेलच्या गेल्या काही वर्षांच्या बऱ्याच इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड मॉडेलांत दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा लुकलुकतो. दोन नारिंगी आणि तीन पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही. दोन आणि चार म्हणजे रॅम सदोष, दोन आणि सात म्हणजे डिस्प्ले, तीन आणि एक म्हणजे ती छोटी गोल बॅटरी. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा असेच इशारे देतो, त्यांचा अर्थ मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा. मोबाइलवर व्हिडिओ काढून मग लुकलुक मोजणं सोपं जातं.

कमीत कमी सामानावर चालवून बघणं

बिघाड कुठे ते कळत नसेल तर एकेक वस्तू कमी करत जायची. रिपेअरच्या दुकानात हेच करतात, घरीही जमतं.

१. चार्जर आणि बॅटरी सोडवा. एसएसडी, हार्ड डिस्क, वाय-फाय कार्ड आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा.

२. रॅमची एकच पट्टी ठेवा, तीही जुनी. एका स्लॉटमध्ये चालली नाही तर दुसऱ्यात.

३. चार्जर जोडा, चालू करा. एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडता आला तर जोडा.

४. बायोसची स्क्रीन आली किंवा 'बूट डिस्क नाही' असा संदेश आला तर बोर्ड, प्रोसेसर आणि ती रॅम ठीक आहेत. आता एकेक वस्तू परत लावा आणि दर वेळी चालू करून बघा. जी लावल्यावर गाडी अडते, ती वस्तू किंवा तिचा स्लॉट दोषी.

दोन वस्तू एकदम लावायचा मोह आवरा. त्यात वेळ वाचत नाही.

रॅम

लॅपटॉपची रॅम स्लॉटमध्ये तिरकी घालतात, साधारण ३० अंशांत, आणि मग खाली दाबतात. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पकडी 'टक्' करून बसायला हव्यात. लोक चुकतात ते त्याआधी. पट्टी तिरकी असतानाच पूर्ण आत सरकवायची असते. नीट बसलेल्या पट्टीच्या सोनेरी दातांची अगदी बारीक, सरळ रेघ बाहेर दिसते. ती रेघ एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब असेल तर पट्टी वाकडी बसली आहे, पकडी लागल्या असल्या तरीही.

दात साफ करायला दुकानात सर्रास खोडरबर वापरतात. त्याने काम होतं, पण वरचा सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड जास्त बरं.

नवी रॅम अजिबात चालत नसेल तर ती त्याच जातीची आहे का ते बघा. डीडीआर४ला २६० पिन असतात आणि ती १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ला २६२ पिन आणि १.१ व्होल्ट. त्यांच्या खाचा वेगळ्या असल्याने त्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. फसवते ती डीडीआर३. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची, आणि दोघींचा आकार एकच. फक्त 'एल' चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी पट्टी छान बसते आणि स्क्रीन काळी राहते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुनी रॅम घेताना स्टिकरवरचं ते एक अक्षर वाचून घ्या.

चालू झालं, पण मधेच निळी स्क्रीन येते? मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती पट्टी परत करा.

आवाज येतो, चित्र नाही

विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला किंवा टीव्हीवर चित्र दिसलं तर लॅपटॉप जिवंत आहे. मग अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चिन्हं दिसत असतील तर चित्र येतंय, मागचा उजेड नाही. म्हणजे केबल अर्धवट बसलेली किंवा बॅकलाइटचा फ्यूज गेलेला. काहीच दिसत नसेल तर केबल दोन्ही टोकांना तपासा, बोर्डाकडे आणि स्क्रीनच्या मागेही. बऱ्याच डेलमध्ये 'डी' हे बटण दाबून धरून पॉवर दाबलं की स्क्रीन एकामागून एक रंग दाखवते. रंग नीट दिसले तर पॅनेल निर्दोष.

बिजागऱ्या किंवा पुढचं झाकण बदललं असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा. झाकण मिटलं हे लॅपटॉपला कळतं ते एका छोट्या चुंबकामुळे आणि त्याच्यासमोरच्या सेन्सरमुळे. तो चुंबक निखळून पडला तर झाकण मिटूनही लॅपटॉप झोपत नाही. तोच भलतीकडे चिकटला तर झाकण उघडं असतानाही स्क्रीन बंद.

रिबन

कीबोर्ड, टचपॅड, बोटाच्या ठशाचा सेन्सर, पॉवरचं बटण, सगळे कागदासारख्या चपट्या रिबनने जोडलेले असतात आणि नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कनेक्टरला एक नखाएवढी पट्टी असते, काळी, पांढरी किंवा तपकिरी. काही ठिकाणी ती उभी उचलायची असते, काही ठिकाणी दोन्ही कडांना धरून किंचित बाहेर ओढायची असते. कुठली कशी ते पाहिल्याशिवाय जोर लावू नका. ती तुटली तर रिबन बसते पण टिकत नाही.

रिबनच्या टोकाला मागच्या बाजूने बहुधा निळी, जाडसर पट्टी चिकटवलेली असते. रिबन आत घातल्यावर त्या पट्टीची कड कनेक्टरला अगदी समांतर दिसायला हवी. डावीकडे एक मिलिमीटर आत आणि उजवीकडे बाहेर असं असेल तर कीबोर्डच्या काही कळा चालतात, काही चालत नाहीत, नाहीतर एखादी कळ आपोआप दाबली जात राहते. लोक मग ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतात. बायोसमध्ये ती कळ चालते का बघा. तिथेही चालत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही.

लॉक लावल्यावर रिबन अगदी हलकेच ओढून बघा. हलली तर बसलेली नाही.

एसएसडी दिसत नाही, विंडोज येत नाही

आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. डेल आणि बऱ्याच लेनोवोंमध्ये एफ२, थिंकपॅडमध्ये एफ१, एचपीमध्ये एफ१०.

नाव दिसत नसेल तर एसएसडी आणि स्लॉटची जात जुळत नसण्याची शक्यता मोठी. एम.२ आकाराची पट्टी साटा (जुनी, हळू जोडणी) असू शकते किंवा एनव्हीएमई (नवी, वेगवान). दोन्ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब, आणि दोन खाचा असलेली साटा पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्येही आरामात बसते. चालत मात्र नाही. शेवटचा छोटा स्क्रू हरवला म्हणून पट्टी तिरकी उभी ठेवलेली असेल तर तेही कारण पुरतं.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, आणि लॅपटॉप इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा नंतरचा आहे, तर व्हीएमडी नावाची इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय चालू असणार. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल करताना तो लोड करा.

जुनीच डिस्क आहे आणि सुरू होताच निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं येतं? गोल बॅटरी काढल्यामुळे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या असतील. स्टोरेजचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आधी रेड (RAID) होता तो एएचसीआय (AHCI) झाला असेल किंवा उलट. तो परत फिरवा, विंडोज पुन्हा टाकायची घाई नको. तारीखही बघून घ्या. ती मागे गेली असेल तर वायफाय जोडूनही ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो.

बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी की मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. की नसेल तर आतला डेटा मिळणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि डिस्क क्लोन केली, म्हणजे जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली असेल तर पहिल्यांदा चालू करताना फक्त नवी जोडा, जुनी बाहेर ठेवा.

पंखा साफ केला आणि जास्तच तापायला लागला

एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. बरेच इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कमी करतात, एएमडीचे बहुतेक ९५ ते १०५च्या दरम्यान. जोराच्या कामात ८५-९० दिसणं लॅपटॉपला नवं नाही, आणि नागपुरात मे महिन्यात नुसता बसलेला लॅपटॉपही ५५-६० दाखवेल. आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढतो ते महत्त्वाचं. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत ४५वरून ९५वर उडी मारली, तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. हळूहळू चढला तर हवा अडते आहे किंवा पंखा फिरत नाही.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्या क्रमाने आधी सगळे अर्धे-अर्धे आवळा, मग पुरते. एकच बाजू पूर्ण आवळली की दुसरी उचलली जाते. दुसरं कारण थर्मल पॅड, म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहणारी मऊ पट्टी. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड लावला तर हीटसिंक त्या पॅडवरच तरंगतो आणि प्रोसेसरवर दाब येत नाही. प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलताना जुना पॅड फाटला तर नवा घेण्याआधी त्याची जाडी मोजा.

गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी पाऱ्यासारखं चमकणारं काही दिसलं असेल तर ते लिक्विड मेटल. ते विजेचं वाहक आहे. बोर्डावर एक थेंबही सांडला असल्याची शंका असेल तर चालू करू नका.

एचपीवर '९०बी' असा पंख्याचा इशारा किंवा थिंकपॅडवर 'फॅन एरर' आला तर पंख्याचा छोटा कनेक्टर बघा, बहुधा तोच जोडायचा राहिलेला असतो.

चार्ज होत नाही, किंवा अचानक कासव झालाय

डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. ती वीज देत नाही, 'मी डेलचा, इतक्या वॅटचा' एवढंच लॅपटॉपला सांगते. जॅक बदलताना तिची तार तुटली किंवा पिन वाकली की लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर एक गिगाहर्ट्झच्याही खाली ठेवतो. सुरू होताना चार्जर ओळखता येत नसल्याचा संदेश येतो. लोक विंडोज फॉरमॅट करतात, रॅम वाढवतात. आधी दुसरा मूळ डेलचा चार्जर लावून बघा. तरीही तेच, तर जॅक.

बॅटरी मल्टीमीटरने मोजून शून्य व्होल्ट आले म्हणून ती मेली असं धरू नका. आतलं सर्किट लॅपटॉपने मागितल्याशिवाय बऱ्याचदा वीज बाहेर सोडतच नाही.

धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो दोष तुमच्या दुरुस्तीचा नसावा. तीन पिनचा चार्जर अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये लावला की असं होतं. आधीही होत असणार, आता लक्ष गेलं एवढंच. सॉकेट बदलून बघा, आणि घरात कुठेच अर्थिंग नसेल तर वायरमनला बोलवा.

किरकोळ

राउटरशेजारी वाय-फाय चालतं, दुसऱ्या खोलीत नाही: कार्डावरच्या काळ्या-पांढऱ्या तारांपैकी एक निसटली आहे. ज्वारीच्या दाण्याएवढं ते टोक बरोबर वर धरून बोटाने सरळ दाबायचं, तिरकं नाही. स्पीकर एकाच बाजूने वाजतो: तार झाकणात चेमटली. टचपॅडच्या खाली टेंगूळ आलंय: लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेलाय, लगेच काढा.

दुकानात जायची वेळ

कमीत कमी सामानावरही चालू होत नाही, चार्जर लावताच विझतो, बॅकलाइट गेलाय किंवा बोर्डावरचा कनेक्टर उपटून आलाय, तर घरी आणखी उकरू नका. चिप लेव्हलचं काम करणारा शोधा. त्याला काय काय उघडलं ते खरं सांगा, तुमची ती यादीच हातात द्या. तो नाहीतर तासभर तेच शोधणार आणि त्या तासाचे पैसे तुमच्याकडून घेणार. एसएसडी आधी काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला ती लागत नाही. अंदाजे खर्च आणि 'दुरुस्त झालं नाही तर तपासणीचे किती' हे दोन्ही कागदावर लिहून घ्या, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा.